सुताचं दुसरं टोक

"तू चौकटीक हात लावू नको गो. शुभ काम हे. विधवेचो हात नको."

घरमालकीण बाय म्हणाली. पेडण्यातलं नवं घर, दारात रांगोळी, चौकटीची पूजा मांडलेली. ती फणसाची चौकट. रंधा मी मारलेला.

मी मेस्तांकडं बघितलं. सुतारकामातले माझे गुरू म्हणा, अन्नदाते म्हणा. गोवा राज्य झालं त्या सुमारास बेळगावकडून मी नवऱ्यामागं इथं आले. तो सुतार, म्हणून मी सुतारीण. तो वारला, नाव तेवढं राहिलं. शाळा चौथीतच सुटलेली. मेस्तांनी हातात सुताचं टोक दिलं. कावेत भिजवलेली दोरी, एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी. ताणून सोडली की लाकडावर लाल रेघ. पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "आमकां मेस्त म्हणतत, तो पोर्तुगीजांचो शब्द. तुमचो सुतार जुनो. सूत्रधार. सूत धरता तो सुतार."

म्हणजे मीसुद्धा? विचारायचं धाडस झालं नाही. मर्जी जाईल, ही भीती सदाची.

आता ते खाली बघत म्हणाले, "वच गो थोडो वेळ. गिऱ्हाईक ते."

मी गेले. गोठ्यापाशी बसले. पुढं नारळ फुटला. मेस्तांना मानाचं वस्त्र मिळालं. माझ्या बोटांना काव तशीच. कपाळ कोरं, बोटं लाल.

पूजा आटोपली तशी हाक आली. आतल्या फळ्यांना सूत मारायचं होतं.

"मागल्या दारान ये," बाय म्हणाली.

काम गेलं तर गावी कुणाच्या दारात उभी राहणार? तरी पुढच्या दाराशी गेले. नव्या चौकटीबाहेर थांबले. मेस्तांनी आतून सूत फेकलं. टोक माझ्या पायाशी पडलं.

"धर गो."

"चौकटीला हात लावून आत येते. मग धरते."

ज्यांनी मला सुतार हा शब्द दिला, त्याच मेस्तांनी हळूहळू दोरी गुंडाळली. बायचं बोलणं विसरेन एकवेळ. ती गुंडाळी नाही.

स्टँडपर्यंत रडत आले.

मेस्तांचे उपकार अजून मानते. पण आता काम धरायच्या आधी विचारते, "चौकटीला माझा हात चालंल?" नाही म्हणाले तर पिशवीतलं सूत बाहेर काढत नाही. उपाशी राहिले तरी.

कोण गो तू, म्हणून विचारतात. सुतारीण म्हणत नाही. सुतार म्हणते.