दोन खाटांमधली जागा

इस्माईल गेल्याचं मला कळलं ते पेणला, मुलाच्या घरी, दुपारचं जेवण झाल्यावर. रोह्याच्या शाळेतल्या आमच्या मुलांचा (मुलांचा कसला, सगळे सत्तरीला टेकलेले म्हातारे) मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यावर सकाळपासून नुसती फुलं आणि सुविचार येत असतात, म्हणून मी तो दुपारपर्यंत उघडतच नाही. त्या दिवशी उघडला तर समोरच होतं, 'आपला इस्माईल पहाटे गेला. असरच्या नमाजानंतर दफन.' म्हणजे साडेचार-पाचला. घड्याळात अडीच वाजत आले होते. रोह्याच्या गाडीला अजून वेळ होता, म्हणून धावतपळत एसटी धरली, तर ती मेली वडखळ नाक्यावर अडकून बसली. अलिबागला मजा करायला निघालेल्यांच्या मोटारी पुढे, मागे, आजूबाजूला... आणि मी खिडकीत बसून घड्याळ बघतोय. पोचलो तेव्हा माणसं कब्रस्तानातून परत फिरली होती. शाळेतल्याच एकानं खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "दत्ता, उशीर केलास रे." मी सहा महिन्यांत इस्माईलचं तोंडही पाहिलं नव्हतं, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं.

आम्ही दोघं एका बाकावरचे. शाळा संपली, मी धाटावला कंपनीत शिफ्टला लागलो आणि तो पुढे पस्तिशीला आल्यावर गल्फात गेला, एसीचे पत्र्याचे डक्ट बसवायला. दर दोन वर्षांनी महिनाभर यायचा. येताना माझ्यासाठी अत्तराची बाटली, आणि एकदा तर वाघाचं चित्र असलेलं ते जाडजूड ब्लँकेट. सव्वीस वर्षं त्यानं असं येऊन-जाऊन काढली. कायमचा परतला तेव्हा घर झकास बांधलेलं होतं, पण घरात माणूस नव्हतं. मुलगा रियाज तोवर स्वतःच गल्फात गेला होता, आणि जैनबभाभी नातवंडांच्या शाळेसाठी सुनेबरोबर मुंब्र्याला. मी त्याला एकदा विचारलं, "तू का नाय जात तिकडं?" तर म्हणाला, "सव्वीस वर्सं लोकांच्या खोलीत काढली रे. आता माज्या घरात मला एकट्याला ऱ्हाऊ दे." असं म्हणायचा खरा, पण रोज सकाळी दहाच्या ठोक्याला माझ्या दारात हजर. एकटा राहायची हौस असलेला माणूस रोज दुसऱ्याच्या ओट्यावर येऊन बसत नाही, एवढं मलाही कळत होतं.

माझी बायको सुमन गेली त्या वर्षाची गोष्ट. मी खुर्चीत बसलो तो बसलोच. छातीवर कुणी गोणी ठेवल्यासारखं वाटायचं, श्वास अर्ध्यातच अडायचा. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, म्हणाले हृदय ठणठणीत आहे. इस्माईल रोज यायचा, बसायचा, जायचा. एक दिवस उठला आणि म्हणाला, "तुला दुखणं काय नाय. तू श्वास घ्यायला विसरलायस. उद्या चहा घ्यायच्या आधी माज्या घरी ये, उपाशी ये." योग शिकवतो म्हणाला! मला हसूच आलं. इस्माईल आणि योग? तरी मी आपला शहाणपणा दाखवायला विचारलं, "कुठला योग? टीव्हीवर दहा प्रकार दाखवतात. एक भराभर घाम काढायचा, एक सावकाश, एक नुसता नाक धरून बसायचा. आधी प्रकार तर ठरवू दे." तो म्हणाला, "अरे, जिना चढताना तुला धाप लागते आणि प्रकार कसले निवडतोस! जो केल्यावर दुसऱ्या दिवशी परत करावासा वाटंल, तो आपला."

दुसऱ्या दिवशी मी त्याच वाघाच्या ब्लँकेटची घडी काखेत मारून गेलो. म्हटलं, आसन मऊ हवं. इस्माईल हसून हसून खोकायला लागला. "यावर उभा ऱ्हायलास तर घोटा मुरगळंल. वाघाला घरी ने, झोपव." त्यानं मला एक जुनी सुती सतरंजी दिली, पाय न सरकणारी. वाकल्यावर हात जमिनीला पोचेनात, तर हाताखाली जुन्या वर्तमानपत्रांचा सुतळीनं आवळून बांधलेला गठ्ठा ठेवला. पायाचे अंगठे धरता येईनात, तर तळव्यांत जुनी लुंगी अडकवली आणि तिची दोन टोकं माझ्या हातात दिली. कपडे कसले, तर घरातलाच लेंगा आणि बनियन. एवढ्यावर माझा योग सुरू झाला. पहिले आठ दिवस तर त्यानं मला नुसतं उताणं झोपवून श्वास सोडायला लावलं. घे म्हणालाच नाही. "सोड, सोड... यायचा तो आपोआप येतो." तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी तसाच पडल्या पडल्या ढसाढसा रडलो. तो खाटेवर बसून होता, हलला नाही. रडणं आटोपल्यावर म्हणाला, "झालं? आता कुशीवर वळून सावकाश उठ, एकदम उठू नको."

खाटेवर म्हणालो, ते नीट सांगायला हवं. एवढं ऐसपैस घर, चकचकीत फरशीचा दिवाणखाना, पण इस्माईलचा योग चालायचा मागच्या सगळ्यात लहान खोलीत. तिथे दोन लोखंडी खाटा समोरासमोर होत्या आणि मधे सतरंजी जेमतेम मावेल एवढी जागा. तो गल्फात शिकला होता तो असाच. खोलीत आठ माणसं, दुमजली खाटा. त्याच्या खाटेवर वरच्या बाजूला कुट्टन नावाचा एक मल्याळी सुतार होता. इस्माईलची पाठ डक्ट उचलून उचलून धरली, तेव्हा त्या कुट्टननं दोन खाटांच्या मधे उभं करून त्याला हे शिकवलं. निम्मे लोक रात्रपाळी करून झोपलेले, म्हणून सगळं आवाज न करता, मोजणंसुद्धा ओठांतल्या ओठांत, आणि तेही मल्याळीत. इस्माईल शेवटपर्यंत तसंच मोजायचा. ओन्नु, रण्डु, मून्नु, नालु, अंजु, म्हणजे एक ते पाच. "ही अंजू कोण रे? जैनबभाभीला सांगू काय?" असं मी चिडवायचो. "सांग, सांग. पाच मुलांची आई हाय म्हणून सांग," असं तो म्हणायचा. आमच्यातल्या काही शहाण्यांनी त्याला विचारलंही, तुमच्यात हे चालतं का, मंत्रबिंत्र म्हणता का. तो म्हणायचा, "मी काय म्हणत नाय बाबा, मी नुसता मोजतो."

त्याच्या आसनांत हात कधी बाजूला पसरायचे नाहीत. वर घ्यायचे ते कोपर बरगडीला चिकटवून, छातीवरून, कानाला घासत. पसरले तर शेजारच्या झोपलेल्या माणसाच्या तोंडावर बसायचे. मी म्हणायचो, "अरे, आता कोण झोपलंय इथं? पसर की हात." तो त्या रिकाम्या खाटेकडे बघायचा आणि म्हणायचा, "सवय रे." एकदा मी हट्टानं त्याला दिवाणखान्यात नेऊन मधोमध उभा केला. दोन्ही हात पसरून तो जरा वेळ उभा राहिला, तोंड कसंनुसं झालं आणि म्हणाला, "चल मागं. हितं आजूबाजूला कोण नाय." त्यानंतर मी तो विषय काढला नाही. असे आम्ही दोघं दोन वर्षं खाटांमधल्या त्या गल्लीत आळीपाळीनं उभे राहत होतो, एक जण करायचा, दुसरा खाटेवर बसून मोजायचा. मला झोप लागायला लागली. भूक लागायला लागली. मी माणसात आलो तो त्याच्यामुळे, हे मी आज लिहितोय... तेव्हा कधी त्याला म्हटलं नाही.

मग मुलानं मला पेणला नेलं. मुलगा आणि सून दोघंही सकाळी बाहेर पडतात ते दिवेलागणीला परततात, म्हणून सुनेनं सोसायटीच्या हॉलमधल्या योगवर्गात माझं नाव घातलं. मॅडम तरुण, हुशार, शिस्तीच्या आणि मनानं चांगल्या. मुलानं मला जांभळी मॅट आणली, फोमच्या दोन विटा आणल्या, पट्टा आणला. इस्माईलला हे सगळं मी फोनवर मोठ्या ऐटीत सांगितलं. म्हटलं, ये एकदा बघायला. आणि तो खरंच सकाळच्या गाडीनं आला, इस्त्रीचा सदरा घालून, आणि हॉलमध्ये मागे खुर्चीवर बसला. आम्ही हात वर घ्यायला लागलो. मॅडम माझ्यापाशी थांबल्या. "काका, हात असे आखडून का घेता? छान बाजूनं पसरून घ्या ना. आणि हे ओठांत काय पुटपुटता? कुणी शिकवलं हे?" पंचवीस-तीस माना वळल्या. मी म्हणालो, "कुणी नाही हो. असंच... टीव्हीवर बघून."

का म्हणालो? तेव्हापासून मी स्वतःला हेच विचारतोय. डक्ट बसवणाऱ्यानं खाटांच्या मधे शिकवलं, हे सांगायची लाज वाटली हे एक. आणि दुसरं लिहायला हात जड होतो, पण लिहितो. त्या हॉलमध्ये, त्या लोकांत, 'इस्माईल' हे नाव घ्यायला माझी जीभ रेटली नाही. कुणी मला काही म्हणालं असतं असं नाही. मीच भ्यालो, उगाचच भ्यालो. मागे वळून बघायचीसुद्धा हिंमत झाली नाही. घरी आल्यावर त्यानं पोहे खाल्ले, सुनेचं कौतुक केलं. स्टेशनवर सोडायला गेलो तर एवढंच म्हणाला, "मॅट चांगली हाय. पाय सरकत नसतील." त्यानंतर त्याचे दोन फोन आले. मी कामात असल्यासारखं तुटक बोललो, मला काय कामं आहेत? मग त्याचे फोन थांबले. उद्या करू, परवा करू, असं म्हणत मीही केला नाही.

तिसऱ्या दिवशी जियारतीला, म्हणजे गेलेल्यासाठी दुवा मागायला जमतात तेव्हा, मी परत रोह्याला गेलो. रियाज आदल्या दिवशी पोचला होता, त्यालाही बापाची माती मिळाली नव्हती. चाळिशीचा माणूस, पण बापासारखाच मान खाली घालून बसणारा. पाहुणे जेवत होते तेव्हा तो मला हळूच मागच्या खोलीत घेऊन गेला. "दत्ताकाका, एक इचारू? अब्बा एकटे ऱ्हायचे. मग हा दुसरा पलंग कोनासाठी? अम्मीला बी म्हाईत नाय." पोराला बाप भेटला होता दोन वर्षांतून महिनाभर, आणि पोरगा मोठा झाल्यावर तेवढाही नाही, कारण एकाची सुट्टी यायची तेव्हा दुसरा तिकडे. मी त्याला खाटेवर बसवलं आणि मधल्या जागेत उभा राहिलो. कोपर बरगडीला, हात छातीवरून वर. म्हटलं, "हे तुझ्या बापानं मला शिकवलं. इथंच." मग कुट्टन, मग रात्रपाळीची माणसं, सगळं सांगितलं. रियाज रडला नाही. म्हणाला, "आमच्या खोलीत सहा जण हावत काका. माजी बी पाठ लई धरते. मला शिकवाल?"

पेणला आल्यावर वर्गात मी सगळ्यांसमोर मॅडमना म्हणालो, "त्या दिवशी खोटं बोललो. मला माझ्या रोह्याच्या मित्रानं शिकवलं, इस्माईलनं." मॅडमचा चेहरा फुलला. "अहो, मग बोलवा ना त्यांना एकदा! खुर्चीवर बसणाऱ्या आजींना असं कमी जागेतलं फार उपयोगी पडेल." एवढंच होतं ते. एवढ्याचसाठी मी मित्र गमावला होता. 'ते गेले' हे न सांगताच मी मॅट गुंडाळून घरी आलो.

रियाज आता परत गल्फात गेलाय, शुक्रवारी त्याला सुट्टी असते. तो व्हिडिओ कॉल लावून खाटेच्या दांडीला मोबाइल टेकवतो आणि मी इथे एकट्या घरात पलंगावर बसून मोजतो. मल्याळीतच मोजतो, मला दुसरं येत नाही. हॉलमधला प्रकार मी त्याला सांगितलेला नाही. हा लेख कुणी त्याच्यापर्यंत पोचवला तर कळेल, कळू दे. गेल्या शुक्रवारी त्याच्या वरच्या खाटेवरून कुणीतरी झोपाळल्या डोळ्यांनी खाली वाकून मोबाइलमध्ये पाहिलं आणि विचारलं, "भाई, ये बुजुर्ग कौन हैं?" रियाजचे हात वर होते. त्याला जराही विचार करावा लागला नाही. "अब्बा के शागिर्द हैं," तो म्हणाला. मी मोजायचं थांबलो. तो मला दिसत होता, ती अरुंद जागा दिसत होती.

"काका, मोजा ना," रियाज म्हणाला. "हात वरच हावत माजे."