बाविसावा जोड

माझे भावोजी दयाराम गिरीजच्या वाडीतून सहसा हलत नाहीत. वय एकाहत्तर. लग्न झाल्यावर माझ्या बहिणीला, सुभद्राला, माथेरानला नेतो म्हणाले होते, ते अजून नेतायत. कारण एकच, वाडीच्या कोपऱ्यातला पानवेलीचा मळा. सकाळी आंघोळ झाल्याशिवाय वेलीला हात लावायचा नाही आणि तोंडाशी चपला काढल्याशिवाय मळ्यात पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा नेम. एकदा मी बूट घालून आत शिरलो तर आठ दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

असा माणूस सिंगापूरच्या सहलीला आला तो कुशलमुळे. कुशल त्यांचा मुलगा, बँकेत नोकरीला. त्याला मळा काढून तिथे लग्नसमारंभांसाठी लॉन करायचं होतं. पोरगा वाईट नाही, उगाच कशाला बोला. बाबा थकलेत, मळ्यात उतरणारं दुसरं कोणी नाही, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. भावोजी वर्षभर "बघू" म्हणत राहिले. शेवटी कुशलने सगळ्यांना फिरवून आणायचं ठरवलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "घरी परत आल्यावर सांगतो." आल्यावर हो म्हणणार, हे त्यांच्या पडलेल्या तोंडावर दिसत होतं.

पहिले तीन दिवस मी नुसता उधळलो होतो. आगाशीचा हा हरेश्वर, वय सदुसष्ट, सरकत्या जिन्यावरून उगाचच पाच वेळा वर-खाली करून आला! भावोजी मात्र उंच इमारतींखाली उभे राहून एवढंच विचारायचे, "पानी कसं चढवतात रे?" आणि पुन्हा गप्प.

चौथ्या दिवशी आमची टूर लीडर जेनिफर, नंदाखालची चुणचुणीत मुलगी, आमच्या सगळ्या ग्रुपला शहराच्या मधोमध असलेल्या एका बागेत घेऊन गेली. "चाळीस मिनिटं! कशाला हात लावायचा नाही, फुलं तोडायची नाहीत. इझाबेल आंटी, तुमच्याकडे बघूनच बोलते मी."

आत दहा पावलं गेलो आणि रस्त्याचा आवाज बंदच झाला. एवढाल्या मोठ्या झाडांखाली आमची वसईकरांची टोळीसुद्धा आपोआप हळू बोलायला लागली, म्हणजे बघा. कुशल फोटो काढत मागे रेंगाळला. भावोजी पुढे होते. एका वळणावर ते थांबले, ते थांबलेच.

समोर एका झाडावर पानवेल चढली होती. हिरवीगार, हाताएवढ्या पानांची. खाली छोटीशी पाटी.

भावोजींनी इकडेतिकडे पाहिलं नाही. खाली बसले आणि मुलाने घेऊन दिलेल्या नव्या बुटांच्या नाड्यांशी झटापट करू लागले. सुभद्राने तर कधीच चपला काढल्या होत्या. मीही बूट काढले, आठ दिवसांचा अबोला अजून लक्षात होता. आमच्यामागून आलेल्या अँथनीला वेल कुठली दिसतेय? त्याला दिसले ओळीत ठेवलेले बूट. त्याने आपले काढून शेजारी लावले. मग इझाबेल, मग मार्सेल, मग सगळेच. आमच्याकडे बूट ओळीत दिसले की कोणी कारण विचारत नाही. बघता बघता आमच्या टोळीचेच एकवीस जोड लागले. दोघीतिघींनी हातही जोडले. कुठली तरी गोरी जोडपी थांबली, आमच्याकडे पाहिलं आणि तीही बूट काढायला वाकली! मला हसू आवरेना. सुभद्राने चिमटा काढला तरी मी फिदीफिदी हसतच होतो.

तेवढ्यात हिरव्या गणवेशातली माळीणबाई लगबगीने आली. तिने इंग्रजीत काहीतरी विचारलं. जेनिफर लालबुंद. "अंकल, त्या विचारतात इथे देव आहे का? चपला का काढल्या?"

भावोजींना हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी उलट विचारलं, "कोनाच्या घरात आपन चपला घालून जातो का?"

जेनिफरने सांगितलं. माळीणबाईने आपल्या चिखलाच्या बुटांकडे पाहिलं आणि चक्क ओशाळली.

भावोजींची कळी खुलली ती तिथे. वेलीचा शेंडा घसरून लोंबत होता, तो दाखवून त्यांनी हातवारे सुरू केले. बाईने खिशातून प्लास्टिकची दोरी काढली. "नाय नाय, कापंल ती!" भावोजी ओरडले. शेजारी केळ होती. तिचं खाली पडलेलं वाळकं सोपट, म्हणजे खोडाचं साल, त्यांनी दाखवलं, बाईने मान हलवल्यावरच उचललं, पट्टी फाडली आणि शेंडा सैल गाठीने बांधला. बाईला गाठ पुन्हा बघायची होती. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा तिने मोबाइलवर चित्रीकरण केलं. चार दिवस गप्प बसलेला माणूस आता थांबेना, आणि जेनिफर बिचारी भाषांतर करून धापा टाकत होती.

इतक्यात कुशल धावत आला. "बाबा, हे काय? बूट घाला, लोक बघतायत!"

माळीणबाईने हसून त्यालाच काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?" भावोजींनी विचारलं.

कुशलला सांगावंसं वाटत नव्हतं. "विचारते, ही गाठ आता घरी कोणाला येते?"

भावोजी हातातली उरलेली पट्टी बोटाभोवती गुंडाळत राहिले. माझं हसू कुठल्या कुठे पळालं. मला भावोजींची इतकी दया आली की मी तोंड फिरवून पाटी वाचू लागलो. त्यातलं एक अक्षर मला समजलं नाही.

मागे काहीतरी खसफसलं. वळून पाहिलं तर कुशल खाली बसला होता. त्याने बूट काढले, मोजे काढले, रांगेच्या टोकाला ठेवले आणि अनवाणी वडिलांशेजारी येऊन उभा राहिला.

"बाबा, घरी गेल्यावर काही सांगू नका. आधी ही गाठ दाखवा."

भावोजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग बोटावरची पट्टी सोडून त्याच्या हातात दिली. त्याने बांधली, ती लगेच सुटली.

"सैल बांध म्हनजे एवढी सैल नाय रे," भावोजी म्हणाले, आणि हसत हसत पुन्हा पहिल्यापासून दाखवू लागले.