शेवंतीची अकराची पेज

शेवंती कधी कुणाशी भांडली नाही. राग आला की ती त्या माणसाला जेवायला बोलवायची. तिच्या घरी ज्याला फार आग्रह होतोय, त्याने काहीतरी आगळीक केलीय, हे टेंबवाड्यावर पोरंटोरंसुद्धा ओळखायची.

गोवा घटक राज्य झाल्याला तीन वर्षं झाली होती. टेंबवाड्याला नळाचं पाणी देऊ, असं आश्वासन मंत्र्यांनी विधानसभेत दिलं होतं. टाकी झाली, सहा नळ लागले, पाणी तेवढं यायचं राहिलं. शेवंतीचे झरीवरचे हेलपाटे काही चुकले नाहीत.

एक दिवस पंचायतीचा शिपाई बाबली धापा टाकत आला. "वयनी, उद्या आमदारांची आश्वासन समिती येता! मंत्र्यान दिलेलो शब्द पाळलो काय, ता बघतली. पाणी दिसला की 'पुरा झाला' म्हणान लिवतली, आणि फाइल बंद!"

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंतीने पाहिलं, तर पाणीपुरवठा खात्याचे इंजिनियर कृष्णनाथ एक लहानसा टँकर टाकीत रिकामा करून घेत होते. आता वाहत्या नळापुढे तिचं कोण ऐकणार? तिने चुलीवर मोठं भांडं चढवलं आणि घरोघर जाऊन बायकांच्या कानाला लागली.

समिती आली. अध्यक्षा कमलाक्षीबाईंनी नळ सोडला. पाणी धो धो आलं.

"चोवीस तास असतं," कृष्णनाथ म्हणाले. सचिवाने पेन काढलं.

"बाये, अकरा वाजले," शेवंती पुढे झाली. "पेजेबगर पाहुण्यांक धाडूची रीत नाय आमची."

अकराच्या पेजेला गोव्यात नाही कोण म्हणतो! समिती ओसरीवर बसली. उकड्या तांदळाची वाफाळती पेज आणि मिठात मुरलेली तोरं, म्हणजे कोवळ्या कैऱ्या. समोर सहाही नळांवर कळश्या-घागरींची झुंबड उडाली.

"अगं बायांनो, जरा जपून!" कृष्णनाथ ओरडले.

"का हो? चोवीस तास असतं ना?" कमलाक्षीबाईंनी विचारलं.

दुसरी वाटी संपता संपता नळ घुरघुरले आणि गप्प झाले. सचिवाने लिहिलं : आश्वासन अपूर्ण. कृष्णनाथ उठू लागले.

"बसा साहेबानू, तुमका आजून वाडूचा आसा," म्हणत शेवंतीने त्यांना तिसरी वाटी वाढली.

समितीने खात्याला पणजीला बोलावून असं काही धारेवर धरलं, की चार महिन्यांत खरं पाणी आलं. नळ सोडायला कृष्णनाथच आले होते. शेवंतीने पहिली कळशी भरली, डोळे पुसले आणि त्यांना तांब्याभर पाणी दिलं.

जेवायला मात्र बोलावलं नाही.