लांडगा कुणी मारला

"हात जोडा," सर म्हणाले.

मी जोडले. समोर पडद्यावर लांडग्याचा फोटो, भिंतीएवढा. त्याच्यापुढं मी, शेहेचाळीस वर्षांची बाई, रविवारच्या वर्गात हात जोडून उभी. मागं बाकांवर तीसेक जण. बहुतेक माझ्या मुलीच्या वयाचे.

"म्हणा, आमच्या वाडवडिलांनी अज्ञानापोटी तुला मारलं, आम्हाला क्षमा कर."

म्हणाले मी. अख्खं वाक्य, एकही शब्द न गाळता. कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. आणि मी हसले. बाकी सगळं मी कुणालाही सांगू शकते, पण हे हसणं सांगताना अजून तोंड लपवावंसं वाटतं.

चूक माझीच होती. सरांनी विचारलं होतं, "आपल्या पुण्याच्या आजूबाजूच्या माळांवरचा लांडगा गेला कुठं? कुणी मारला?" मला उत्तर येत होतं. अहो, त्या वर्गात बसायला लागून तिसरं वर्ष चाललं होतं आणि पहिल्यांदा असा प्रश्न आला होता की ज्याचं उत्तर पुस्तक न उघडता मला येत होतं. हात वर केला. उभीच राहिले की, शाळेतल्या पोरीसारखी. म्हणलं, "सर, आमच्या आबांनी मारला."

मला वाटलं, शाब्बास म्हणतील. कपाळ माझं!

"बघा," सर वर्गाला म्हणाले, "आपण पुस्तकात शोधतोय आणि जिवंत पुरावा इथंच बसलाय. या, पुढे या. लाजू नका, आपण कुठं काय केलंत? आपल्या लोकांनी केलं. विष घालून ना?"

विषच होतं. मी मान हलवली. मग ते हात जोडायचं आलं. अहो-आपण करत करत माणसाला कसं खाली बसवतात ते मी त्या दिवशी शिकले.

मी खराडीच्या एका आयटी पार्कात हाउसकीपिंगला आहे. म्हणजे लादी, संडास, काचा, पँट्री. अकरा वर्षं झाली. सुपरवायझरची जागा निघाली तेव्हा आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या बाईचं नाव पुढं जाईल असं वाटलं होतं. वरून नियम आला, सुपरवायझर ग्रॅज्युएट पाहिजे. आता लादी पुसून घ्यायला बी.ए. कशाला लागतं, ते विचारायला माझ्याकडं तोंड नव्हतं, कारण मी सातवीत शाळा सोडलेली. पण गुडघे बोलायला लागले होते. अजून बारा-चौदा वर्षं वाकून काढायची होती. म्हणून पूर्वतयारीची परीक्षा दिली आणि बाहेरून बी.ए.ला नाव घातलं. जेवायच्या सुट्टीत पँट्रीच्या मागं, बादल्यांच्या खोलीत बसून वाचायचे. बसमध्ये उभ्यानं वाचायचे. आता शेवटचं वर्ष. कंपनीनं सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत निकाल आणा, तोवर जागा धरून ठेवतो.

आणि शेवटच्या वर्षाला पर्यावरणाचा प्रकल्प सक्तीचा. त्याच्यावर सरांची सही नसेल तर निकाल अडकतो. तेवढी एक सही राहिली होती.

सरांनी मला विषयही काढून दिला. लांडगा. "आपल्याला अनुभव आहे," म्हणाले. वर्गातली दोन पोरं फिस्सकन हसली.

घरी येऊन वही उघडली आणि बसले तशीच. काय लिहू? खरं काय झालं होतं ते मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलंच नव्हतं. स्वतःलासुद्धा नाही.

आमचं गाव शहरानं गिळायच्या आधीची गोष्ट. मी तेव्हा नऊ वर्षांची. आमची वस्ती ओढ्यापलीकडं आणि गावात यायची वाट तात्यांच्या बांधावरून. तात्या म्हणजे गावचे मोठे बागायतदार. दुसरी वाट नव्हती. पाणी आणायला, कामाला, शाळेला, मयताला, सगळ्याला तोच बांध.

माळावर लांडगे होते. त्यांनी तात्यांच्या मेंढरांत धाड घातली. तीन मेंढरं फाडली, एक अर्धं खाऊन तिथंच टाकलं. तात्यांनी आबाला, माझ्या बापाला, बोलावलं. मी मागं मागं गेले. तात्या म्हणाले, "ह्या मेंढरात औषध भर. रातच्याला परत येतंय ते खायला."

मेलेल्याला हात कोण लावणार? आम्ही. ते ठरलेलंच होतं पिढ्यान् पिढ्या. पण आबानं दीक्षा घेतल्यापासून मेलेलं ओढायचं सोडलं होतं. वस्तीत सगळ्यांत आधी त्यानं सोडलं. आबा म्हणाला, "तात्या, आमी ते काम सोडलंया."

तात्या ओरडले नाहीत. हसले. "वढायचं सोडलंस न्हवं? मग कोण म्हनतंय वढ? हितंच पडलंय, हितंच बसून भर. आन् न्हाईच म्हनत असशील तर उद्यापास्नं माझ्या बांधावर पाय ठिवू नगंस. तू न्हाई, तुझी वस्ती न्हाई."

आबानं माझ्याकडं बघितलं. मग खाली बसला. बंदूक होती तात्यांच्याकडं, लायसनची. भिंतीला टांगलेली. पण बंदुकीनं लांडगा मारायचा तर माळावर रात्र काढावी लागते, थंडी खावी लागते. त्यापेक्षा आमचा आबा बरा.

दिवस मावळेस्तोवर मला तिथं बसवलं. कुत्र्यांनी ते मेंढरू खाऊ नये म्हणून. मी दगड मारत बसले होते. वास इतका की दुसऱ्या हातानं नाक दाबून धरलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लांडगा ओढ्याच्या कडेला मरून पडलेला. मादी होती. मला वस्तीतली पोरं म्हणाली, तुझ्या बानं लांडगा मारला गं! आणि मला, खोटं कशाला सांगू, लई भारी वाटलं. तीच ऐट मनात धरून मी त्या वर्गात हात वर केला होता.

तात्यांनी फोटोवाला बोलावला. बंदूक खाली काढली. लांडग्याच्या अंगावर पाय ठेवून उभे राहिले. डोकं खाली लोंबत होतं म्हणून आबाला म्हणाले, "मागनं बस आन् तोंड वर धर त्याचं." आबा लांडग्याच्या मागं वाकून बसला. मी शेजारी उभी होते. "ए पोरी, बाजूला हो, फोटोत येतीस."

मी झाले बाजूला.

त्यानंतर आठ दिवस आबाला विहिरीकडं फिरकू दिलं नाही. हाताला औषध लागलंय म्हणून. एरवीही आम्हाला पाणी काढून द्यायचे ते वरूनच ओतायचे. त्या वेळी कारण तरी नवीन होतं.

पण हे सगळं एका बाजूला. मला वही उघडल्यावर आठवलं ते वेगळंच. आमच्या विहारात पौर्णिमेला सगळे पंचशील म्हणायचे. पहिलंच शील, जीव मारण्यापासून मी दूर राहीन. आबाचा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. त्या पौर्णिमेला मी त्याच्या मांडीशी बसले होते. पहिलं शील आलं आणि आबाचे ओठ हलले नाहीत. बाकीची चार म्हणाला. पुढच्या पौर्णिमेलाही तसंच. मरेपर्यंत तसंच. मी विचारलं नाही कधी आणि त्यानं सांगितलं नाही.

अज्ञानापोटी म्हणे! अहो, माझ्या आबाला सगळं कळत होतं. त्या गावात त्या दिवशी जीव मारणं म्हणजे काय, हे कळणारा तो एकटाच माणूस होता. आणि त्याच्याच हातानं मारायला लावलं. मी त्याच्या वतीनं माफी मागून आले, तीही हसत. त्या रविवारी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही.

मी लिहिलं. सगळं लिहिलं. तात्यांचं नाव, आबाचं नाव, बांध, मेंढरू, बंदूक भिंतीवरून कधी निघाली ते. तो माळ आता कुठं आहे तेही लिहिलं. तात्यांच्या मुलानं तो विकला आणि तिथं काचेच्या इमारती झाल्या, त्यातल्या एकीत मी लादी पुसते. लांडगे जगले असते तर कुठं राहिले असते, बी विंगमध्ये? माळ गेल्यावर कुणी विष न घालताही ते गेलेच असते, हेही लिहिलं.

फाइल द्यायला गेले तर सर म्हणाले, ऑफिसात बसा, येतो. आमचं अभ्यासकेंद्र ज्या कॉलेजात भरतं ते तात्यांच्या मुलाच्या संस्थेचं. ते मला माहीत होतं. पण ऑफिसात मी आधी कधी गेले नव्हते. आत गेले आणि भिंतीवर तोच फोटो. मोठा करून, सोनेरी चौकटीत, हार घालून. खाली लिहिलेलं, 'गावच्या पशुधनाचे रक्षक'. तात्या, बंदूक, पायाखाली लांडगा. आणि लांडग्याच्या जबड्याला धरलेले दोन हात. मागून आलेले. चेहरा नाही, नुसते हात.

मी ते हात ओळखले. उभी राहिले बघत. रडू आलं, आणि रडायला आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

सर आले. फाइल चाळली. फोटोकडं एकदा बघितलं, माझ्याकडं एकदा.

"छान लिहिलंय. भाषा जरा राकट आहे, चालेल. पण हे तात्यासाहेबांचं नाव कशाला? तिथं 'ग्रामस्थ' घाला."

"आणि आबाचं नाव?"

"ते राहू द्या की. ते आपल्या घरातलं आहे."

"तात्यांनी केलं तर ते रक्षक आणि आबानं केलं तर अज्ञान?"

"बाई, मी इथं नोकरी करतो," सर हळू आवाजात म्हणाले. "आपणही कुठंतरी करता. एक शब्द बदला, मी आत्ता सही करतो. पेन हातात आहे माझ्या."

खरंच होतं पेन हातात. टोपण काढलेलं. मी म्हणलं, विचार करून सांगते. आणि फाइल घेऊन निघाले. तेव्हा नाही म्हणायची ताकद नव्हती माझ्यात.

मुलीला सांगितलं. ती कॉल सेंटरला आहे. म्हणाली, "आई, प्रॅक्टिकल हो ना. लिही ग्रामस्थ. सही घे, डिग्री घे, प्रमोशन घे. मग काय ते भांड. आजोबांना काय फरक पडणारे आता?"

चुकीचं बोलत नव्हती ती. आठवडाभर मी तेच घोकत होते, एकच शब्द तर आहे. लादी पुसताना तेच, बसमध्ये तेच. गुडघा ठणकला की वाटायचं, बदल आणि हो मोकळी. एकदा तर पेन घेऊन बसले आणि तात्यांच्या नावावर रेघ मारायला हात नेला. तेव्हा कळलं की आबाचंही हेच झालं होतं. फक्त इथंच बस, एवढंच भर, मग तुझी वाट मोकळी. त्याच्यापुढं अख्ख्या वस्तीची वाट होती. माझ्यापुढं माझी एकटीची आहे. मला नाही म्हणायला काय झालं?

रविवारी फाइल सरांच्या टेबलावर ठेवली. "बदललंत?" त्यांनी विचारलं.

"नाही. दोन्ही नावं राहतील."

"मग मला सही करता येणार नाही. वर्ष वाया जाईल आपलं."

"जाऊ द्या. आणि सर, मी त्या दिवशी माफी मागितली ती परत घेते. सगळ्या वर्गापुढं मागितली होती म्हणून वर्गापुढंच सांगते."

आणि वर्गाकडं तोंड करून सांगितलं. या वेळी कुणी टाळी वाजवली नाही. फिस्सकन हसणारी ती दोन पोरंसुद्धा खाली बघत होती.

निकाल अडकला. सुपरवायझरची जागा दिवाळीनंतर एका नवीन मुलाला दिली. तो मला मावशी म्हणतो आणि काचेवरचे डाग बोटानं दाखवतो. मुलगी पंधरा दिवस नीट बोलली नाही. दुसरं केंद्र बघितलं तर तिथं म्हणाले, जुन्या केंद्राचं पत्र आणा. ते मिळेना.

म्हणून परत तिथंच फॉर्म भरलाय. प्रकल्पाचा विषय तोच लिहिलाय. सर नाही म्हणाले तर त्याच्या पुढच्या वर्षी परत भरीन. ते रिटायर झाले तर जो येईल त्याच्या टेबलावर ठेवीन. बी.ए. मला व्हायचंच आहे. पण माझ्या आबाला एकट्याला तो लांडगा मारायला लावून मी पास होणार नाही.