चाकावर पाय देऊन

नागपूरच्या एका लग्नाहून परत आल्यावर माझी बायको म्हणाली होती, "कुठं जायचं म्हणलं की आदल्या दिवसापासून पाणी प्यायचं बंद करा लागतं." एवढंच म्हणाली आणि पिशव्या रिकाम्या करायला लागली. तिला वाटेत एका स्वच्छ संडासाची गरज होती. मी त्या वाक्यावर अख्खा ट्रक बांधला.

मी हिंगोलीच्या कॉलेजात भूगोल शिकवला. हिमनद्या, वाळवंटं, उंच पठारं फळ्यावर काढली. पाहिलं फक्त खाऱ्या पाण्याचं एक सरोवर, कारण ते लोणारला आहे आणि कॉलेजची सहल दरवर्षी तिथंच जायची. निवृत्तीनंतर मी परदेशी लोकांचे व्हिडिओ पाहू लागलो. धिप्पाड ट्रकवर घर बांधून ही मंडळी वाळवंटात जातात आणि संध्याकाळी खुर्ची टाकून सूर्यास्त बघतात. सूर्यास्त आमच्या गच्चीवरूनही दिसतो, पण तो फुकटचा असल्यामुळे त्याची किंमत वाटत नाही.

एका खडी क्रशरवाल्याकडून जुना टिप्पर घेतला. त्याचा मागचा डाला काढून टाकला तेव्हा केबिन आणि मागं नुसता लोखंडी सांगाडा उरला. घरासमोर तो आणून उभा केल्यावर गल्ली जमली. हे कशासाठी, असं ज्यानं त्यानं विचारलं आणि मी प्रत्येकाला सांगितलं, "बायकोसाठी. गुडघे गेलेत तिचे. एसटीत चढवत नाही."

हे उत्तर मला सुचलं तेव्हाच त्याचा गुण लक्षात आला. निवृत्त माणूस स्वतःसाठी ट्रकवर घर बांधतो म्हणजे त्याला वेड लागलंय. बायकोच्या गुडघ्यांसाठी बांधतो म्हणजे तो देवमाणूस. मी देवमाणूस व्हायला तयार होतो. मी हे सांगत असताना ती आत भाकरी करत होती. तिनं ऐकलं असणार. 

कनेरगाव नाक्याच्या रस्त्यावर ट्रकच्या बॉड्या बांधणारा एक कारखाना आहे. तिथले म्हातारे मिस्त्री जन्मभर उसाच्या आणि हळदीच्या गाड्या बांधत आलेले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. स्वतःच्या कामाबद्दल चाचांचं मत फार चांगलं होतं आणि ते लपवण्याची त्यांना गरज वाटत नसे.

"भाभीसाठी हाय ना? मग बाकीच्या गाड्या बाजूला," ते म्हणाले. "पन सर, हळद तकरार करत न्हाई. मानूस करतो. हे काम येगळं हाय."

मी व्हिडिओतलं ज्ञान पाजळलं. खड्ड्यात ट्रकची चेसी, म्हणजे खालचा सांगाडा, पिळली जाते. घर तिच्यावर चारी बाजूंनी घट्ट बोल्ट केलं तर भिंती तडकतात. मधे वेगळी फ्रेम टाकून घर तीनच ठिकाणी टेकवायचं.

"घराला तीन पाय?"

"चार पायांचं टेबल डुगडुगतं चाचा. तिवई डुगडुगत नाही."

चाचांनी चेसीभोवती एक फेरी मारली. "म्हंजी सर, आमी आजवर टेबल बांधून राहिलो व्हतो," ते म्हणाले आणि हाताखालच्या दोन्ही वेल्डरांकडे बघून डोळा मारला. पण त्यांनी ते केलं, आणि नंतर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला ती तिवई आपलीच कल्पना म्हणून दाखवली.

ते महिने फार सुखाचे गेले. मी रोज सकाळी डबा घेऊन कारखान्यात जायचो आणि दुपारी तिथं येणाऱ्या ड्रायव्हरांकडून ट्रक चालवायला शिकायचो. जाळीच्या खिडक्या, पत्र्याच्या आत थर्माकोल, पाण्याची टाकी, छतावर सोलर, एका कोपऱ्यात संडास. पलंगाची लांबी मी स्वतः आडवा पडून ठरवली. आत चढायचं ते जसे सगळे ट्रकवाले चढतात तसंच: मागच्या चाकावर एक पाय, हाताला कडी, दुसरा पाय थेट दारात. पहिल्या आठवड्यात मी धापा टाकायचो. नंतर सवय झाली आणि त्या सवयीचा मला अभिमान वाटू लागला. चाचा चढायचे, वेल्डर चढायचे, चहावाला किटली घेऊन चढायचा. त्या आवारात शिडी नावाची वस्तू कुणी कधी मागितली नव्हती.

तिला एकदाही तिथं नेलं नाही. ती विचारायची, "झालं का?" मी म्हणायचो, "तुला एकदम दाखवतो." सरप्राइज या शब्दाखाली किती अरेरावी खपते याचा कुणीतरी अभ्यास करायला हवा.

घर म्हटल्यावर दूध उतू घालणं आलं. शेवटचा रंगाचा हात वाळल्यावर मी तिला रिक्षानं घेऊन गेलो. तिनं नवी साडी नेसली होती. हातात दुधाचं पातेलं, पिशवीत हळदीकुंकू. चाचांनी धुतलेला सदरा घातला होता. वेल्डरांनी चाकांना झेंडूच्या माळा बांधल्या होत्या.

ती दारासमोर जाऊन उभी राहिली. दाराचा उंबरा तिच्या छातीएवढा होता.

आधी कुणाच्याच काही लक्षात आलं नाही. चाचा उत्साहानं म्हणाले, "या भाभी, चाकावर पाय द्या, कडी पकडा—" आणि तिथंच थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चाकाकडे पाहिलं. त्या चाकावर मी किती वेळा पाय दिला असेल, आणि गुडघ्यांची गोष्ट किती लोकांना सांगितली असेल.

"ड्रम लावू काय?" एक वेल्डर म्हणाला. "आमी धरतो मावशीला."

"मला पोत्यावानी चढवता काय रे?" ती हसून म्हणाली. त्याच्याकडे बघून हसली. मग माझ्याकडे वळली, आणि आवाज तोच ठेवून म्हणाली, "खिडकीचं माप घेतलं, टाकीचं घेतलं, गादीचं घेतलं. माह्या गुडघ्याचं काहून न्हाई घेतलं?"

चाचा खाली बघत होते. "गलती आमची हाय भाभी."

"तुमची कशाची चाचा? तुमी कुठं पाहिलं माह्याकडं? यांनी रोज पाहिलं." मग तिनं पातेलं माझ्यापुढं धरलं. "चढा. तुमीच घाला उतू. मुहूर्त जाईल."

मी चाकावर पाय दिला आणि चढलो. सराईतपणे चढलो, हे अजून खुपतं.

आत शेगडी पेटवून मी उभा राहिलो. खिडकीतून खाली तिचा फक्त भांग दिसत होता. ती चाकांना हळदकुंकू लावत होती, चारी चाकांना, वाकून, कमरेवर हात ठेवून. दूध वर यायला फार वेळ लागला. ते उतू गेलं तेव्हा खालून कुणीतरी "गेलं का?" विचारलं आणि मी "गेलं" म्हणालो.

चाचांनी दुसऱ्याच दिवशी घडीची लोखंडी शिडी बसवून दिली, रुंद पायऱ्यांची, दोन्हीकडे कठडा. ट्रक घरासमोर लागला आणि गल्लीत लोक तो बघायला येऊ लागले. शेजारचे एक सद्‌गृहस्थ म्हणाले, "सरांनी वहिनींसाठी ताजमहालच बांधला."  ताजमहालातही जिच्यासाठी बांधला तिला उचलूनच नेलं होतं.

पहिल्या प्रवासासाठी म्हणून लडाखचा नकाशा मी टेबलावर पसरून ठेवला होता. तो गुंडाळून मी स्वयंपाकघरात गेलो आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला विचारलं, "तुला कुठं जायचंय?"

ती मेथी निवडत होती. थट्टा आहे का, ते तिनं आधी पाहिलं. "कळमनुरीला," ती म्हणाली. "माह्या मैत्रिणीकडं. ती पडून असते आता."

कळमनुरी आमच्याकडून तासाभराच्याही आत. मी पाण्याची टाकी भरली, कारण भरायची सवय लागली होती. ती शिडीवरून एकेक पायरी थांबत चढली. मी मागं हात धरून होतो, पण तिनं तो घेतला नाही. वाटेत मी चालवत होतो आणि केबिनच्या मागच्या झरोक्यातून ती दिसत होती, पलंगावर बसून खिडकीबाहेर बघत. एकदा नुसती म्हणाली, "हवा चांगली लागते." मला त्या तीन शब्दांचा जो आनंद झाला तो मला शोभणारा नव्हता.

मैत्रिणीच्या गल्लीत ट्रक शिरेना. तो कोपऱ्यावर लावून आम्ही चालत गेलो. मैत्रीण खाटेवर होती. तिनं माझ्या बायकोचा हात धरला आणि सोडेना. मी बाहेरच्या खोलीत बसलो. आतून दोघींचं हसणं ऐकू येत होतं. घरी मी ते हसणं बरेच दिवस ऐकलं नव्हतं.

चार वाजता मी दारातून म्हणालो, "निघायचं?"

"मी राहते आठेक दिवस," ती म्हणाली. "हिच्यापाशी कुणी न्हाई."

"मग मी ट्रक इथंच लावतो. आत सगळी सोय आहे. मीही राहतो."

मैत्रिणीनं तिच्याकडे पाहिलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी रागावलेली नव्हती, हेच जास्त जड गेलं. "नका राहू," ती म्हणाली. "तुमी जाऊन या तुमच्या लडाखला. मी न्हाई येत, पन तुमी जा. खरंच म्हणते."

मी लडाखला गेलो नाही. हिंगोलीकडे निघालो. रस्त्यात एका ढाब्यापाशी उभ्या लोकांनी ट्रक पाहून हात हलवले, मोबाइल काढले, एकानं तर वाकून नमस्कार केला. मागं रिकाम्या घरात टाकीतलं पाणी डचमळत होतं. मीही त्यांना हात केला.