हात बगलेत

आमच्या प्रेसशॉपमध्ये कुणी दोन्ही हात बगलेत घालून उभे असेल तर त्याचा अर्थ एकच असतो: माझे हात मशीनपासून लांब आहेत, तुम्ही तुमचे काम करा. दुसरा अर्थ नाही. चाकणच्या ज्या कंपनीत मी एकवीस वर्षे क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काढली, तिथे भल्यामोठ्या प्रेस पत्र्याला दाबून आकार देतात. आकार देणारा लोखंडी साचा, म्हणजे डाय, बदलताना सेटर प्रेसचा वरचा जड भाग थोडा थोडा खाली आणतो आणि आसपास दोन-तीन माणसे उभी असतात. त्या आवाजात ‘हात काढ’ म्हणून कुणी बोंबलले तरी ऐकू कुणाला जाणार? म्हणून सेटर आधी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवतो. सगळ्यांचे हात बगलेत दिसले की मगच बटण दाबतो. ही रीत कुठल्या पुस्तकातून आलेली नाही. आमच्या जुन्या सेटरची दोन बोटे गेली, त्यानंतर त्यानेच ती घालून दिली. नवीन माणूस आला की त्याला मशीन दाखवायच्या आधी तो हात कुठे ठेवायचे ते शिकवायचा.

हे एवढे सविस्तर सांगते आहे, कारण याच हातांवरून एका बाईची परमनंट नोकरी हुकली आणि ती हुकली तेव्हा मी समोरच्या खुर्चीत बसले होते.

बाई चाळिशीची, अंगाने बारीक, बोलायला एकदम रोखठोक. चाकणजवळच्याच एका जुन्या गावातली सून. कंपन्या आल्या तेव्हा तिच्या सासरची जमीन त्यात गेली. ‘आमच्या कांद्याच्या वावरात आता तुमच्या बसगाड्या उभ्या ऱ्हात्यात,’ असे तिने मला पहिल्याच आठवड्यात ऐकवले होते. बारा वर्षे ती आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टवर होती. दर सात महिन्यांनी तिचा गेटपास संपायचा, ती थोडे दिवस ‘ब्रेक’ म्हणून घरी बसायची आणि मग ‘नवीन भरती’ म्हणून त्याच प्रेसवर परत यायची. बारा वर्षे नवीन! मला त्याचा संताप यायचा, तिला हसू यायचे. मागच्या वर्षी लाइन लीडर नोकरी सोडून गेला, तेव्हापासून लाइन तीच चालवत होती. आज कोण आलेला नाही, कुठली डाय कुरकुर करते आहे, कुणाला लागोपाठ ओव्हरटाइम लागलाय, सगळे तिच्या डोक्यात असायचे. नाव मात्र लीडरचे नाही. शेवटी कंपनीने ती जागा काढली, तीही परमनंट.

अर्ज भरून झाल्यावर ती मला म्हणाली, ‘ताई, एवढं झालं ना, की मग ब्रेक न्हाई का काय न्हाई. पोरगी कालेजाचा फॉर्म भरताना इचारती, आई, तुझी नोकरी काय लिहू? मी म्हनते, थांब जरा, अजून ठरायचीय.’

निवड ‘शास्त्रशुद्ध’ व्हावी म्हणून एचआरच्या साहेबांनी हिंजवडीहून एक प्रशिक्षक बोलावले. आयटीवाल्यांना देहबोली शिकवणारे. पहिल्या दिवशी ट्रॅफिकमुळे ते सव्वा तास उशिरा आले आणि आल्या आल्या आम्हाला वेळेचे महत्त्व सांगू लागले. मला आणि आणखी चौघांना ‘निरीक्षक’ नेमले होते. आम्हाला दोन दिवस एसी कॉन्फरन्स रूममध्ये बसवून त्यांनी माणसे कशी वाचायची ते शिकवले. हात बांधलेले म्हणजे माणूस मनातून बंद. नाकाला हात लावला म्हणजे खोटे बोलतोय. तळवे उघडे म्हणजे मन उघडे. प्रत्येक गोष्टीचे चित्र पडद्यावर, आणि चित्रातली एकजात सगळी माणसे कोट घातलेली.

खोटे कशाला बोलू, मला ते आवडले. इतकी वर्षे पत्र्यावरचे ओरखडे शोधले, आता माणसांमधले शोधायचे म्हणून मी जरा चढलेच. संध्याकाळी संत तुकाराम नगरला घरी आले, तर नवरा हात बांधून टीव्हीसमोर बसलेला. मी दारातूनच म्हटले, ‘तुम्ही माझ्यापासून काहीतरी लपवताय.’ तो म्हणाला, ‘पंखा एकवर कर आधी, गारठलोय.’ एवढ्यावरून मी शहाणी व्हायला हवे होते. झाले नाही.

मुलाखतीच्या दिवशी टेबलामागे आम्ही तिघे होतो: एचआरचे साहेब, ते प्रशिक्षक आणि निरीक्षकांपैकी मी. ती पहिल्या पाळीतून थेट आली. हात साबणाने घासले होते, तरी नखांत तेल राहिलेच होते. साध्या प्रश्नांची उत्तरे तिने नीट दिली. मग प्रशिक्षकांनी विचारले, ‘डाय बदलताना टीमला कसं हँडल कराल?’

ती उठून उभीच राहिली. बसून सांगणे तिला जमेना. इकडे क्रेन, तिकडे प्रेस, इथे आमची दोघं, असे हवेत दाखवत ती सांगू लागली. ‘आन् आता सेटर वरचं धूड खाली घेतोय’ या जागी ती पोचली आणि तिचे दोन्ही हात आपोआप बगलेत गेले. नजर आमच्यावरून सुटून, जिथे डाय असायला हवी तिथे जाऊन खिळली. पुढचे सगळे ती तशीच उभी राहून बोलली. मला त्या एसी खोलीत अख्खी प्रेस दिसली. मनात म्हटले, झाले, ही पास.

ती बाहेर गेल्यावर प्रशिक्षकांनी देहबोलीच्या छापील तक्त्यावर भराभरा खुणा केल्या आणि कागद माझ्याकडे सरकवला. बंद देहबोली. बचावात्मक. नेतृत्वासाठी तयार नाही.

मी म्हटले, ‘सर, ते प्रेसशॉपमध्ये काय असतं...’

त्यांनी हसतमुखाने बोट वर केले. ‘मॅडम, कारणं नकोत, फक्त निरीक्षण. हात बांधले की नाही बांधले?’

‘बांधले, पण...’

‘बस. तेवढंच लिहायचं.’

एचआरचे साहेब मोबाइल बघत होते. आणि मी काय केले? गप्प बसले. ‘हा लॉट मी पुढे जाऊ देणार नाही’ असे भल्याभल्यांना तोंडावर सांगितलेली बाई मी. पण त्या घडीला माझे सगळे लक्ष माझ्याच हातांकडे होते. शिकवल्याप्रमाणे मी तळवे उघडे ठेवून बसले होते, आणि वाद घातला तर हा माणूस माझ्याबद्दलही काहीतरी लिहून ठेवील असे मला वाटले. घाबरले, दुसरे काय! पेन उचलले आणि सही करून टाकली.

त्या प्रशिक्षकाची मला आजही चीड येते. देहबोली नसतेच असे मी म्हणत नाही. आमचे सगळे कामच तिच्यावर चालते. खांदा किती उतरलाय यावरून सलग दुसरी पाळी कोण ओढतोय हे आम्हाला लांबून कळते. मान जरा जास्तच खाली असली की घरी कुणी आजारी आहे हे कळते. पण ते त्या माणसाच्या शेजारी वर्षानुवर्षे उभे राहून कळते. तिला बोली म्हणता ना? मग ती जागोजागी वेगळी असणार, हे साधे कळू नये? ज्या माणसाने आयुष्यात प्रेस जवळून पाहिली नाही, त्याने कोटातल्या माणसांची चित्रे आणून आमच्या बाईला मापायचे, आणि मापात बसली नाही म्हणून तिलाच खोटी ठरवायची! आणि आम्ही एसीत बसून माना डोलवायच्या!

निवड डिस्पॅचमधल्या एकाची झाली. माणूस चांगला आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. हसून बोलतो, नजरेला नजर देतो. फक्त प्रेसवर त्याने एक दिवसही काम केलेले नव्हते.

सोमवारी त्याची पहिली डाय बदलायची होती. मी पलीकडच्या टेबलावर पीस तपासत होते. क्रेनने डाय आणून ठेवली, सेटर बटणाशी गेला, आणि नवे लीडर डायच्या कडेवर तळहात टेकवून, पुढे वाकून कौतुकाने बघत उभे. सेटर थांबला. बाकीचे हात बगलेत घालून उभे होते, तेही थांबले. सगळे आपल्याकडे का बघताहेत हे त्या भल्या माणसाला कळेना. त्याने हसून ‘चालू द्या, चालू द्या’ अशी खूण केली, हात तिथेच.

तेव्हा ती पुढे झाली. तिने त्याची दोन्ही मनगटे धरली, हात उचलले आणि एकेक करून त्याच्याच बगलेत घातले, शाळेत निघालेल्या पोराचा स्वेटर नीट करावा तसे. मग आपले हात बगलेत घालून त्याच्या शेजारी उभी राहिली. सेटरने बटण दाबले.

मला रडू आले, आणि त्याहून जास्त राग आला. हिची जागा ज्याला दिली, त्याची बोटेही हिनेच सांभाळायची!

जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. ‘ताई, तुमी आत हुता. खरं सांगा, कशात कमी पडले मी?’

मी सांगितले. हात बांधलेस म्हणून.

ती आधी हसली. मी थट्टा करते आहे असे तिला वाटले. ‘अवो, डाय खाली येतीय म्हनल्यावर हात कुठं ठिवायचं मग?’ मग माझा चेहरा बघून तिचे हसू गेले. ‘तुमी सांगितलं न्हाई व्हय त्यास्नी?’

मी डब्याला झाकण लावू लागले. डब्यात अर्धी भाजी शिल्लक होती. तिने त्या झाकणाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. तिला कसलाही तक्ता लागला नाही.

‘बरं,’ ती म्हणाली, ‘मग आता सांगा. साहेब केबिनमधी हायती.’

आणि उठून चालायलाच लागली. मी येते की नाही हे बघायला तिने वळूनसुद्धा पाहिले नाही. मी मागोमाग गेले.

केबिनमध्ये मी सगळे बोलले. जुन्या सेटरची दोन बोटे, बगलेतले हात, सकाळी काय घडता घडता राहिले, सगळे. साहेब म्हणाले, ‘मॅडम, आवाज जरा कमी करा.’ मी म्हटले, ‘नाही होणार कमी! भिंतीभिंतीवर सुरक्षेच्या पाट्या लावता, आणि जिच्या अंगात ती सुरक्षा मुरली आहे तिलाच नापास करता? माझी सही मागे घेते मी. दहा मिनिटं खाली या, सेटरला विचारा, स्वतः उभे राहून बघा.’

खरे सांगायचे तर साहेब ओशाळले होते. म्हणाले, ‘मला हे माहीतच नव्हतं. पुढच्या वेळी तो तक्ता आपण वापरायचा नाही. तसं मी लिहून देतो.’

‘आन् माझं?’ तिने विचारले.

साहेबांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि पडद्यावर काहीतरी शोधू लागले. लॅपटॉप चालूसुद्धा केलेला नव्हता.

मग ती म्हणाली, ‘चला ताई, लाइन सुरू व्हायची येळ झाली.’

प्रेसशॉपच्या दारापर्यंत मी बोलतच होते. प्लांट हेडकडे जाते, वरपर्यंत लिहिते, मी हे सोडणार नाही, असे काय काय. तिने खिशातून इअरप्लगची डबी काढली.

‘तवाच बोलला आसता तर,’ ती म्हणाली. रागाने नाही, सहज म्हणाली.

मी काही उत्तर देणार तोवर तिने दोन्ही कानांत प्लग घातले होते आणि ती लाइनकडे वळली होती.