स्वस्तिकावर अडकलेली किंकाळी

आमच्या घराण्यात विलायती संगीत आलं ते कुंकू लावून.

साठचं दशक सरत आलं होतं. रनाळ्याला आमच्या घरी माझ्या धाकट्या बहिणीला, शांताला, बघायला सुरतेत नोकरी करणारा एक मुलगा येऊन गेला. होकार यायचा बाकी होता. आठ दिवसांनी होकार नाही, एक छोटी तबकडी आली! सोबत चिठ्ठी : 'विलायतेतल्या जुन्या, मुरलेल्या वादकांचं नवं गाणं आहे. शांताबाईंनी ऐकावं. रविवारी येतो, कसं वाटलं ते सांगावं.'

"परीक्षा शे ही!" आमच्या वडिलांनी, आबांनी निदान केलं. मग त्यांनी पाकिटावरच्या पाच जटाधाऱ्यांकडे निरखून पाहिलं. "ह्या कोनता आखाडाना साधू शेतस रे?"

प्रश्न मला होता, कारण मी तळोद्याच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. (शिकवत असे. येत असे, असं म्हणालेलो नाही.)

मी तबकडी लावणार, तोच माय हळदकुंकवाची कोयरी घेऊन आली. "थांब! नवी वस्तू शे, कुकू लायाबिगर वाजाडू नको!" आमच्याकडे नांगरापासून सायकलीपर्यंत कशाचीच यातून सुटका नव्हती. तिनं तबकडीवर मधोमध, पार रेघांवर जाईल असं, ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं आणि मी (सुशिक्षित!) भक्तिभावानं बघत राहिलो.

आमचा चावीचा ग्रामोफोन जुन्या मोठ्या तबकड्यांचा. ही त्यावर भलत्याच वेगानं पळाली. ढोल, खणखणाट, आरडाओरडा! शेजारचे रामदासकाका पाण्याची बादली घेऊन धावत आले. त्यांना वाटलं, आमचं घर पेटलं.

"काय म्हनी ऱ्हायना रे तो?" आबा.

"पाऊस..." मी खाकरलो. "पावसाला बोलावतोय."

तेवढ्यात सुई कुंकवात रुतली आणि एकच किंकाळी पुन्हा पुन्हा येऊ लागली. मी कुंकू फडक्यानं पुसलं, ते रेघांत आणखी खोल गेलं. मग खोबरेल लावलं. तबकडी छान चमकली, किंकाळी हलली नाही.

शांताचे डोळे भरून आले. "दादा, मन्हं लगन शे! मी त्यास्ले काय सांगू?" मला मनापासून वाईट वाटलं. मुलगा तिला आवडला होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

रविवारी पाहुणा आला. चहा झाल्यावर त्यानं स्वतःच तबकडी लावली. स्वस्तिक आलं, सुई अडकली. एक किंकाळी, दहा किंकाळ्या, वीस!

त्यानं लाल झालेली तबकडी पाहिली आणि मग माझ्याकडे वळला. "मास्तर, माले तर एक शब्दबी समजना नही. म्हनीसन धाडी, घरमा इंग्रजीना मास्तर शे! आठे काय म्हनी ऱ्हायना तो?"

आता माघार नव्हती. "पाऊस," मी म्हणालो.

तो अजून पाच किंकाळ्या शांतपणे ऐकत बसला. "मंग भलताच पडी ऱ्हायना!"

शांता पदर तोंडाला लावूनही हसू दाबू शकली नाही. ती मोठ्यानं हसली, तो तिच्याकडे बघत राहिला आणि सुई उचलायच्या आत आबांना होकार देऊन मोकळा झाला.

लग्न थाटात झालं. पण रामदासकाकांनी ती गोष्ट गावभर केली. अजूनही जून कोरडा गेला की रनाळ्याची माणसं मला रस्त्यात अडवतात, "मास्तर, तबकडी लावतस का?"